पत्रकारितेतून सरकारी नोकरी, पीआर आणि परत न्यूजरूम: उडी मारायच्या आधी काय काय बघायचं

जिल्हा माहिती अधिकाऱ्याची जाहिरात आलीय, भरू का? मंत्र्यांच्या ऑफिसात जनसंपर्क बघायला बोलावतायत, जाऊ का? पीआर एजन्सीवाले, म्हणजे कंपन्यांचं जनसंपर्काचं काम घेणारे, पगार चांगला देतायत पण उद्या परत पेपरात यायचं म्हटलं तर कोण घेईल का? बारा-पंधरा वर्षं बीट (बातमीदाराकडचा ठरलेला विषय) केलेली, घराचे हप्ते सुरू असलेली, मुलं मोठी होत असलेली मंडळी हे विचारतात आणि विचारताना आवाज जरा खाली घेतात. आवाज खाली घ्यायचं काही कारण नाही. माणसं या तिन्ही ठिकाणी ये-जा करत आलीत आणि करत राहणार, फक्त ती कशी करायची हे कोणी नीट सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय. बहुतेक उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत कारण इथलंच काम मला माहिती आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नोकरी बदलल्याने पत्रकाराचं नाव खराब होत नाही, दोन दगडांवर पाय ठेवल्याने होतं. पेपरात असतानाच आमदाराचं फेसबुक पेज गुपचूप चालवणं, एजन्सीत गेल्यावरही जुन्या पेपरात सदर लिहीत राहणं आणि त्यात क्लायंटचं भलं करणं, सरकारी माहिती कार्यालयात बसून एखाद्या पोर्टलला नाव न लावता बातम्या पुरवणं, हे सगळं चालतं आणि सगळ्यांना माहितीही असतं. तुम्हाला ते करायचं नाहीये. आज तुम्ही कोणाकडून पगार घेताय हे दोन्ही बाजूंना उघडपणे सांगता आलं पाहिजे, आणि ज्या कामात ते सांगता येणार नाही ते काम घेऊ नका.

आधी बघा तुम्हाला नक्की कुठे बोलावतायत

"सरकारी नोकरी" म्हणून आपण एकाच दमात तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. पहिली कायमची नोकरी, म्हणजे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याखालची विभागीय आणि जिल्हा माहिती कार्यालयं. यातली गट अ आणि गट ब ची पदं एमपीएससीमार्फत भरली जातात, म्हणजे जाहिरात येते, वयाची अट असते, पदवी किंवा पदविका लागते आणि पत्रकारितेतला किंवा जनसंपर्कातला अनुभव लागतो. केंद्रात हेच काम पीआयबी (पत्र सूचना कार्यालय), आकाशवाणीचा वृत्तविभाग, केंद्रीय संचार ब्युरो अशा ठिकाणी भारतीय माहिती सेवेतले अधिकारी करतात आणि त्याची वाट यूपीएससीतून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे महापालिका, विद्यापीठं, महावितरणसारख्या कंपन्या, महामंडळं यांच्यातली जनसंपर्क अधिकाऱ्याची पदं, काही कायमची, बरीच कंत्राटी. तिसरी म्हणजे मंत्र्यांचं ऑफिस.

या तिसऱ्याबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे कारण पत्रकार सगळ्यात जास्त इथेच फसतात. मंत्र्यांकडे बाहेरून आलेला ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) किंवा जनसंपर्क बघणारा माणूस असतो त्याची नेमणूक त्या मंत्र्यांच्या मुदतीपुरती असते. मंत्री गेले की तुम्ही गेलात. आपल्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट लागली, २३ तारखेला पहाटे एक सरकार आलं, ते चार दिवसही टिकलं नाही, २८ ला दुसरं सरकार आलं, ते २०२२ च्या जूनअखेरीस गेलं. त्या प्रत्येक वळणावर मंत्रालयातल्या किती जणांनी टेबलं आवरली असतील याचा विचार करा, आणि त्यात आपला बीट सोडून आलेले पत्रकारही होते. वाईट म्हणजे कायमच्या नोकरीतला माणूस बदली होऊन दुसऱ्या खात्यात जातो, तुमच्यावर मात्र "अमक्यांचा माणूस" हा शिक्का बसलेला असतो आणि पुढच्या सरकारमधलं कोणी दारात उभं करत नाही. म्हणून मंत्र्यांकडे जायचंच असेल तर नेमणुकीचं पत्र हातात घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नका, पगार शासनाकडून येणार की मंत्र्यांच्या कुठल्या संस्थेकडून की "बघू आपण" मधून येणार हे स्पष्ट विचारा, आणि सरकार उद्या पडलं तर सहा महिने घर चालेल एवढे पैसे बाजूला ठेवूनच जा. पगार तिसऱ्याच कुठल्या ठेकेदाराच्या खात्यातून येणार असं कळलं तर त्या वाटेला जाऊ नका, कितीही जवळचे संबंध असले तरी.

पीआरमध्येही दोन वेगळी कामं आहेत, एजन्सी आणि कंपनीतलं अंतर्गत कम्युनिकेशन. एजन्सीत पाच-सात क्लायंट एकाच वेळी, सकाळी बिल्डर, दुपारी हॉस्पिटल, संध्याकाळी शाळांची साखळी, आणि डोक्यावर कव्हरेज रिपोर्ट, म्हणजे क्लायंटच्या किती बातम्या लागल्या त्याचा हिशोब. कंपनीत एकच मालक पण आतलं राजकारण जास्त. बातमीदार म्हणून धावपळीची सवय असलेल्याला एजन्सी लवकर जमते, डेस्कवरच्या, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या संपादित करणाऱ्या माणसाला कंपनी जमते असं माझं निरीक्षण आहे, अपवाद असतीलच. निवडणुकीच्या वॉररूमचं, म्हणजे पक्षाच्या प्रचार कक्षाचं काम मिळालं तर ते राजकारणाचं काम आहे, ते पीआर समजू नका. तिथून राजकीय बीटवर परत यायची आशा धरू नका.

कागद, कागद आणि कागद

जिल्ह्यातल्या चांगल्या चांगल्या बातमीदारांचे अर्ज कुठे अडकतात तर अनुभव प्रमाणपत्रावर. दहा वर्षं बायलाइन (नावानिशी छापलेल्या बातम्या) आहेत, कात्रणांच्या फायली भरल्यात, पण नेमणूकपत्र नाही, पगार मानधन म्हणून व्हाउचरवर, हुद्दा "वार्ताहर" की "प्रतिनिधी" हे कोणालाच माहीत नाही. भरतीच्या वेळी कात्रणं कोणी वाचत नाही. लेटरहेडवरचं पत्र बघतात, ज्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर, पूर्णवेळ की अर्धवेळ, पगार किती, कामाचं स्वरूप काय हे लिहिलंय आणि खाली सही करणाऱ्याचं नाव नि पद आहे. सोबत पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट असलं की बोलणंच खुंटतं.

त्यामुळे आज नोकरी सोडायचा विचार नसला तरी हे पत्र आत्ताच मागा. राजीनामा दिल्यावर एचआर फोन उचलत नाही, आवृत्ती बंद पडते, मालक बदलतो, सही करणारा संपादकच दुसऱ्या पेपरात जातो. स्ट्रिंगर (पगारावर नसलेला, मानधनावरचा बातमीदार) असाल तर निदान दर महिन्याला मानधन जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी जपून ठेवा आणि संपादकांकडून "अमुक तालुक्याचे बातमीदार म्हणून काम करतात" एवढं तरी तारखेसह लिहून घ्या.

सोडताना आणखी दोन-तीन गोष्टी बघायच्या. ग्रॅच्युइटीला बाकीच्यांना सलग पाच वर्षं लागतात, पत्रकाराला तीन, हे १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यापासून चालत आलंय आणि नवीन सामाजिक सुरक्षा संहितेतही पत्रकारांसाठी तीनच वर्षं धरलीयत, पण बऱ्याच ठिकाणी एचआरलाच ते माहिती नसतं, तेव्हा लेखी विचारा. पीएफ काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) ट्रान्सफर करा. अधिस्वीकृती कार्ड (सरकारने पत्रकाराला दिलेलं ओळखपत्र) असेल तर ते पत्रकार म्हणून मिळालंय, एसटीचा प्रवास आणि बाकी सवलती त्यावरच आहेत, एजन्सीत गेल्यावर ते खिशात ठेवून मंत्रालयाच्या गेटवर दाखवणं म्हणजे सरळसरळ फसवणूक आहे, परत करा. आणि वय पन्नाशीच्या आसपास असेल तर ज्येष्ठ पत्रकारांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजनेचे निकष आधी वाचा, तिथे पत्रकारितेतल्या अनुभवाच्या वर्षांची अट आहे, मधली पाच वर्षं पीआरमध्ये गेली तर तो हिशोब बिघडू शकतो.

राजीनाम्याच्या आधीच्या दिवसांबद्दल पण बोलू. ज्या कंपनीशी किंवा खात्याशी तुमची नोकरीची बोलणी चाललीयत त्यांची बातमी तुम्ही करायची नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही. ब्यूरो चीफला सांगा की ही बातमी दुसऱ्या कोणाला द्या. कारण विचारलं तर खरं सांगा. एवढं सांगायला जड जातं हे मान्य आहे पण नंतर कोणी जुने अंक काढून तारखा जुळवल्या तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे, आणि लोक तारखा जुळवतात.

सरकारी टेबलावर बसल्यावर

सगळ्यात मोठा धक्का भाषेचा बसतो. तुम्ही वीस वर्षं ज्या प्रेसनोटा कापून चार ओळींच्या केल्या त्याच आता तुम्हाला लिहायच्या असतात. तालुक्याच्या गावात डायलिसिसचं युनिट सुरू झालं असं धरा. तुमच्यासमोर येणारा मसुदा असा असतो: "मा. पालकमंत्री महोदयांच्या शुभहस्ते व मा. खासदार, मा. आमदार, मा. जिल्हाधिकारी यांच्या प्रमुख उपस्थितीत ग्रामीण रुग्णालयातील डायलिसिस विभागाचा लोकार्पण सोहळा उत्साहात संपन्न झाला." पत्रकाराचा हात लगेच शिवशिवतो आणि तुम्ही नावं शेवटच्या परिच्छेदात टाकून नवीन मसुदा करता. तो वरून परत येतो, आणि तुम्ही चिडता.

चिडू नका, मधली वाट आहे. मथळा लोकांना द्या: "ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसची सोय, रुग्णांचा जिल्ह्याच्या ठिकाणचा हेलपाटा वाचणार." पहिल्या वाक्यात पालकमंत्र्यांचं नाव ठेवा, बाकीची नावं हुद्द्याच्या क्रमाने एका वाक्यात खाली घ्या (क्रम चुकवू नका, तो चुकला तर फोन येतो आणि तो फोन तुमच्या साहेबांना येतो), आणि दुसऱ्या परिच्छेदापासून फक्त उपयोगाचं लिहा: मशीन किती, वेळ काय, नोंदणी कुठे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोफत बसतं का, कुठले कागद आणायचे, कुठला नंबर लावायचा. ही प्रेसनोट साहेबही मंजूर करतात आणि डेस्कवरचा माणूसही उचलतो, आणि ज्याच्या घरी किडनीचा पेशंट आहे त्याला ती खरंच लागते. माहिती कार्यालयात बसून चांगलं काम करता येतं असं मी म्हणतो ते याच अर्थाने म्हणतो.

दुसरी परीक्षा रात्रीच्या फोनची. नऊ वाजलेत, जुना सहकारी फोन करतो, पाणीपुरवठा योजनेत घोळाची बातमी लागतेय, खात्याचं म्हणणं दे, पान छपाईला सोडायचंय. कार्यकारी अभियंत्याचा फोन बंद. इथे स्वतःच्या मनाने "आरोपात तथ्य नाही" असं कधीही सांगू नका. "साहेबांशी बोलणं झालेलं नाही, साडेदहापर्यंत प्रयत्न करतो, नाही झालं तर संपर्क झाला नाही असं लिही" एवढंच सांगा आणि साडेदहाला परत फोन करा, उत्तर नसलं तरी करा. एकदा जरी खोटी माहिती दिलीत तर ती दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या पत्रकारांच्या ग्रुपवर असते आणि त्यानंतर तुमचा खुलासा कोणी वाचतही नाही. खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा की खोटं बोलायला लावणार असाल तर मला बोलू देऊ नका, लेखी द्या. काही नाराज होतील. बहुतेक ऐकतात, कारण त्यांनाही अडचणीत यायचं नसतं.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, ते रुजू व्हायच्या आधी वाचा. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही, म्हणजे तुमचं फेसबुक, तुमचे अग्रलेखावरचे शेरे, मित्राच्या चॅनलवरची चर्चा, सगळं बंद. ज्यांना मत मांडल्याशिवाय राहवत नाही त्यांनी ही नोकरी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, दोन वर्षांत घुसमटून जातात. आणि हो, जिल्हा माहिती अधिकारी म्हणजे माहितीच्या अधिकारातला जन माहिती अधिकारी नव्हे, गावाकडचे नातेवाईक आणि कधी कधी पत्रकारही गोंधळ करतात, त्यामुळे कोणी २००५ च्या कायद्याखालचा अर्ज तुमच्या टेबलावर आणून ठेवला तर त्याला योग्य ठिकाण दाखवा, झटकू नका.

निवडणूक आली की आणखी एक अवघड जागा येते. पेड न्यूज तपासणारी जिल्ह्याची माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती असते, तिच्यात जिल्हा माहिती अधिकारी असतो. म्हणजे ज्या पेपरात तुम्ही काल होतात त्याच्याच पानावरची बातमी पैसे घेऊन छापलीय का हे तुम्हाला सांगावं लागू शकतं. अशा वेळी समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, तुमचं त्या पेपरशी जुनं नातं लेखी कळवा, ते नोंदीवर येऊ द्या, मग निर्णय काही का लागेना तुमच्यावर बोट येत नाही.

पीआरमध्ये गेल्यावर जुने मित्र

एजन्सी तुम्हाला घेते ती तुमच्या फोनमधल्या नंबरांसाठी, हे समजून जा आणि इंटरव्ह्यूतच सांगा की ओळख आहे, बातमी लावून घ्यायची हमी नाही. क्लायंट "पहिल्या पानावर पाहिजे" म्हणेल. त्याला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायचं की पानं संपादक ठरवतो, आणि जागा विकत हवी असेल तर जाहिरात विभाग आहे, तिथे पैसे भरा आणि वर "जाहिरात" असं छापून येऊ द्या.

जुन्या सहकाऱ्याला "लाव ना रे एवढी" असं एकदा म्हणता येतं. दुसऱ्यांदा तो फोन सायलेंटवर टाकतो. त्यापेक्षा स्वतःला तोच प्रश्न विचारा जो तुम्ही प्रेसनोट आणणाऱ्यांना विचारायचात, यात बातमी काय? नसेल तर पाठवू नका आणि क्लायंटला तसं सांगा, महिन्याचा रिटेनर (ठरलेली फी) त्यासाठीच मिळतो. असेल तर आकडे, माणसं, फोटो, बोलायला तयार असलेला जाणकार असं सगळं घेऊन जा, आणि एकाच गोष्टीचं "एक्स्क्लुझिव्ह" तीन पेपरांना वाटू नका. पाकीट, हॉटेलचं कूपन, दिवाळीची महागडी भेट, हे तुमच्या हातून कोणाला जाणार नाही एवढं पहिल्या दिवशी ठरवा. एजन्सीचा आग्रह असेल तर एजन्सी बदला.

शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी क्लायंट असेल तर एक गोष्ट विसरू नका. निकाल, विलीनीकरण, मोठं कंत्राट यांची माहिती जाहीर व्हायच्या आधी तुमच्या हातात येते आणि शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे ती कोणाकोणाला दिली याची नोंद कंपनीला ठेवावी लागते, त्यात तुमचं नाव असतं. त्या माहितीवर स्वतः शेअर घ्यायचे नाहीत, भावाला सांगायचं नाही आणि जुन्या पेपरच्या बिझनेस डेस्कवरच्या मित्रालाही सांगायचं नाही. बातमीदाराची सवय असते काही कळलं की कोणाला तरी सांगायची. ती सवय इथे गुन्ह्यात नेते.

परत यायचं असेल तर

परत येता येतं. बी. जी. व्हर्गीज टाइम्स ऑफ इंडियातून १९६६ मध्ये इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार झाले, १९६९ मध्ये हिंदुस्तान टाइम्सचे संपादक झाले, तिथे बसून त्याच पंतप्रधानांच्या सिक्कीमच्या धोरणावर टीका केली आणि १९७५ मध्ये त्यांना संपादकपद गमवावं लागलं, त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारात राहून आलेला माणूस मिंधाच असतो असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण द्या.

पण कुलदीप नय्यर यांचं उदाहरणही शेजारी ठेवा. ते गृहमंत्रालयात लालबहादूर शास्त्रींचे प्रेस ऑफिसर होते, मग यूएनआय या वृत्तसंस्थेत गेले. २७ मे १९६४ ला नेहरू गेले आणि लगेच नय्यर यांनी बातमी दिली की पंतप्रधानपदासाठी मोरारजी देसाई सगळ्यात आधी पुढे आलेत. नेहरूंना जाऊन काही तास झालेले, त्यात ही बातमी, मोरारजींबद्दल पक्षात वाईट मत झालं, शास्त्री पंतप्रधान झाले. नय्यर पुढे म्हणत राहिले की शास्त्रींना मदत करायचा हेतू नव्हता, बातमी होती म्हणून दिली. पण मोरारजींच्या माणसांनी ते कधी मानलं नाही, आणि का मानावं? कालपर्यंत हा माणूस शास्त्रींच्याच ऑफिसात होता. हेतू स्वच्छ असला तरी तो बाहेरून दिसत नाही, बाहेरून फक्त तारखा आणि नेमणुका दिसतात.

म्हणून परत आलात की ज्या खात्यात, ज्या मंत्र्यांकडे किंवा ज्या क्लायंटकडे होतात तो विषय निदान दोन वर्षं हातात घेऊ नका. संपादकाला इंटरव्ह्यूतच यादी द्या, या सात कंपन्या, हे दोन नेते, यांच्या बातम्या माझ्याकडे नकोत, ना लिहायला ना संपादन करायला. सुरुवातीला डेस्क, पुरवणी, आरोग्य, शेती असं काही घेतलंत तर बरं, राजकीय बीटचा हट्ट नको. काय बोलता येत नाही तेही लक्षात ठेवा: सरकारात असताना हाताखालून गेलेली गोपनीय माहिती नोकरी सोडल्यावरही गोपनीयच असते, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा माजी कर्मचाऱ्यालाही लागू होतो, आणि क्लायंटशी केलेला गोपनीयतेचा करार एजन्सी सोडल्यावर संपत नाही, त्याची मुदत वाचून घ्या. नवा संपादक पहिल्या आठवड्यात "तिथे काय काय चाललं होतं, सांग की" म्हणेल, त्याला हेच सांगा. यंत्रणा कशी चालते, फाईल कुठे अडते, निविदेत काय बघायचं, हे ज्ञान मात्र खुशाल वापरा आणि ज्युनिअरना शिकवा, न्यूजरूमला तुमच्याकडून तेच हवं असतं.

ज्या ग्रुपमध्ये तुम्ही जनसंपर्क अधिकारी म्हणून होतात त्यांतून पहिल्याच दिवशी सांगून बाहेर पडा, सरकारी मेल आणि सरकारी फोन लेखी पावती घेऊन जमा करा. आणि कधी टाळता न येण्यासारखा लेख लिहायची वेळ आलीच, समजा ज्या महापालिकेत होतात तिच्याच पुरावर, तर लेखाखाली एक ओळ छापायला सांगा: "लेखक अमुक ते अमुक साल या महापालिकेत जनसंपर्क अधिकारी होते." पानावर जागा नाही म्हणाले तर शंभर शब्द कमी करून द्या, पण ती ओळ जाऊ देऊ नका.